खुर्ची आधी उलटी करा: स्टुडिओ कारागिराचं लाकडी फर्निचर जमवताना

काही वर्षांपूर्वी एका घरातलं सामान विकायला निघालं होतं. तिथे अक्रोडाच्या लाकडाचं एक तीन पायांचं स्टूल दिसलं. बैठक वापरून गुळगुळीत झालेली, एका बाजूला पेल्याचं पांढरट वर्तुळ. मी ते उलटं केलं. पायांच्या मुळाशी स्पोकशेव्हने, म्हणजे दोन मुठींच्या छोट्या रंध्याने, काढलेले बारीक पैलू तसेच राखलेले होते, बोट फिरवलं की एकेक लागत होता. तिन्ही पाय बैठकीतून आरपार वर आलेले आणि प्रत्येकाच्या डोक्यात पाचर ठोकलेली. तिन्ही पाचरी बैठकीच्या लाकडातल्या रेषांना आडव्या होत्या. पाचर रेषांच्या दिशेनेच ठोकली तर बैठक चिरते, आणि करणाऱ्याला ते ठाऊक होतं. सही कुठेच नव्हती. तरी मी ते घेतलं. ते कुणाच्या हातचं हे कळायला पुढे दोन वर्षं गेली. ती हकिकत कागदपत्रांच्या ओघात येईलच.

स्टुडिओ कारागीर म्हणजे स्वतः आराखडा काढून, स्वतःच्या छोट्या कर्मशाळेत, फार तर चार-दोन मदतनीस हाताशी घेऊन वस्तू घडवणारा माणूस. विसाव्या शतकात अमेरिकेत या पद्धतीला मोठा बहर आला. वॉर्टन एशरिक (१८८७–१९७०) मुळात चित्रकार. पुढे तो लाकडाकडे वळला आणि या परंपरेचा आद्य पुरुष ठरला. जॉर्ज नाकाशिमा, सॅम मलूफ, वेंडेल कॅसल, जेम्स क्रेनॉव्ह ही त्यानंतरची मोठी नावं. यांच्या वस्तू दुर्मिळ आहेत, कारण एका आयुष्यात एक जोडी हात घडवून घडवून किती घडवणार? पण खाली सांगितलेली रीत फक्त या बड्या नावांसाठी नाही. आज काम करत असलेल्या, फारशा माहीत नसलेल्या कारागिराचं फर्निचर जमवतानाही ती जशीच्या तशी लागू पडते.

पहिली पायरी: एकच कारागीर धरा

दहा जणांचं एकेक घेण्यापेक्षा सुरुवातीला एकाचाच पिच्छा पुरवा. त्याचा जन्म, शिक्षण, कर्मशाळा कधी आणि कुठे बदलली, कोणत्या वर्षी कोणता नमुना पहिल्यांदा केला, कोणतं लाकूड कधी वापरलं, याची एक वही करा. ही वही पुढे तुमचे पैसे वाचवते.

नाकाशिमाचंच पाहा. जन्म १९०५चा, शिक्षण वास्तुविशारदाचं. १९३०च्या दशकात अंतोनिन रेमंड या वास्तुविशारदाच्या कचेरीत काम करत असताना तो पुदुच्चेरीला आला, श्रीअरविंद आश्रमाच्या ‘गोलकोंड’ या वसतिगृहाचं काम त्याने जागेवर राहून पाहिलं, तिथल्या फर्निचरचे आराखडेही केले. दुसऱ्या महायुद्धात जपानी वंशाचा म्हणून अमेरिकेत त्याला आयडाहोतल्या मिनिडोका छावणीत डांबलं गेलं. तिथे जपानी परंपरेत तयार झालेल्या एका सुताराकडून तो हत्यारं आणि सांधे शिकला. १९४३ मध्ये सुटका झाल्यावर पेनसिल्व्हेनियातल्या न्यू होपला त्याने बस्तान बसवलं. १९६०च्या दशकात तो पुन्हा भारतात आला तो अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत, आणि तिथल्या कर्मशाळेत त्याच्या आराखड्यांवरून फर्निचर तयार झालं. एवढा क्रम पाठ असला की ‘१९४०च्या दशकाच्या सुरुवातीची न्यू होपची खुर्ची’ असं कुणी सांगितलं तर तुम्ही लगेच भुवई उंचावता. १९४२ साली तो छावणीत होता.

दुसरी पायरी: अस्सल वस्तू पोटभर पाहा

छायाचित्रांवर डोळा तयार होत नाही. छायाचित्रात वजन कळत नाही, कड किती मऊ केली आहे ते कळत नाही, ड्रॉवर सरकतानाचा हवेचा दाब कळत नाही. एशरिकचं घर-कर्मशाळा आज संग्रहालय आहे. १९३० साली त्याने केलेला वळणदार लाकडी जिना तिथे आहे. मलूफचं कॅलिफोर्नियातलं घरही पाहता येतं. तिथवर जाणं शक्य नसेल तर लिलावापूर्वी वस्तू पाहायला ठेवतात त्या दिवशी जा. विकत घ्यायचं नसलं तरी जा. तिथे वस्तू हाताळायला मिळते, आणि नम्रपणे विचारलं तर उलटी करूनही दाखवतात.

पाहताना मनाशी एकच प्रश्न ठेवा: या माणसाने वेळ कुठे खर्च केला आहे? क्रेनॉव्ह पृष्ठभाग शक्यतो पॉलिशकागदाने घासत नसे, रंध्यानेच शेवटचा हात फिरवत असे. त्याच्या छोट्या कपाटांवर तिरपा उजेड टाकला तर रंध्याचे अगदी हलके पट्टे जाणवतात. त्याच्या नावाने विकायला आलेल्या कपाटावर पॉलिशकागदाचे बारीक गोल ओरखडे दिसले, तर एक तर ते त्याचं नाही किंवा नंतर कुणीतरी घासलं आहे. दोन्हीपैकी काहीही असलं तरी सांगितलेली किंमत मोजायची नाही.

तिसरी पायरी: वस्तू उलटी करून वाचणं

सोबत एक टॉर्च, दहा पट भिंग, मोजपट्टी, छोटा आरसा आणि अतिनील उजेडाची लहान बॅटरी असू द्या. हात धुऊन कोरडे करा, अंगठ्या काढा. खुर्ची तिच्या हातांना किंवा पाठीला धरून उचलायची नाही. ती नेहमी बैठकीच्या चौकटीला धरून उचलावी, टेबल दोघांनी. मग वस्तू जाड घोंगडीवर पालथी ठेवा आणि घाई करू नका. मी एका वस्तूला निदान अर्धा तास देते.

आधी रंग पाहा. उघडं लाकूड वर्षानुवर्षं हवेने एकसारखं काळवंडतं, पण जिथे दोन भाग टेकलेले असतात तिथे ते ताजं राहतं. सगळीकडे सारखाच तपकिरी रंग असेल, अगदी सांध्याच्या फटीतसुद्धा, तर तो रंग बहुधा फासलेला आहे. लाकडानुसार उजेडाचा परिणामही वेगळा असतो. चेरीचं लाकूड उजेडात गडद होत जातं, तर अमेरिकन काळा अक्रोड उलट फिकट होतो. म्हणून जुन्या अक्रोडाच्या टेबलाची खालची बाजू वरच्यापेक्षा गडद असणं स्वाभाविक आहे. वरची बाजू खालच्याइतकीच गडद आणि चकचकीत असली की मला शंका येते: वरून घासून पुन्हा पॉलिश केलं असावं.

मग हत्यारांच्या खुणा. गोल करवतीची खूण कमानदार, पट्ट्याच्या करवतीची सरळ समांतर, यंत्राच्या रंध्याची सारख्या अंतरावरच्या बारीक लाटांसारखी, आणि हातरंध्याची किंचित कमी-जास्त रुंदीच्या उथळ पन्हळींसारखी. यंत्राची खूण दिसली म्हणून नाक मुरडू नका. मलूफ राउटर (खाचा आणि कडा कोरणारं यंत्र) आणि बँडसॉ (पट्ट्याची करवत) सर्रास वापरत असे, काही सांध्यांत स्क्रू घालून वर आबनुसासारख्या काळ्या लाकडाची गुंडी बसवत असे, आणि ते लपवतही नसे. प्रश्न यंत्र वापरलं का हा नाही. हा कारागीर याच ठिकाणी हेच हत्यार वापरत होता का, एवढंच पाहायचं. त्यासाठीच ती वही.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, आणि तिच्याकडे सर्वांत कमी लोक पाहतात. लाकूड हलतं. लांबीत ते जवळजवळ हलत नाही, पण रुंदीत दमट हवेत फुगतं आणि कोरड्या हवेत आकसतं. काळ्या अक्रोडाचं ओलं लाकूड पूर्ण वाळेपर्यंत वर्तुळांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे ५.५ टक्के आकसतं. वाळवलेल्या लाकडातही हा खेळ लहान प्रमाणात आयुष्यभर चालू राहतो. ९० सेंटीमीटर रुंद टेबलाची फळी ऋतूंच्या टोकांमध्ये जवळपास एक सेंटीमीटर कमी-जास्त होऊ शकते. चांगला कारागीर तिला हलायला जागा देतो: स्क्रूची भोकं लांबट, किंवा चौकटीच्या खाचेत सरकणारे लाकडी गुटके. फळी चारही बाजूंनी गच्च चिकटवलेली दिसली तर नाव कितीही मोठं सांगोत, ते काम त्या दर्जाच्या हाताचं नाही. याच नियमाने जुनं गोल टेबल कधीच पुरतं गोल राहत नाही. मोजपट्टी रेषांच्या दिशेने आणि आडवी अशी दोनदा लावा. आडव्या बाजूला काही मिलिमीटर कमी भरलं तर वयाचा पुरावा मिळाला.

नाकाशिमाच्या नावावर खपवल्या जाणाऱ्या टेबलांसाठी आणखी एक खूण. झाडाची नैसर्गिक कड तशीच ठेवून, तडा गेलेल्या जागी फुलपाखराच्या आकाराची पाचर बसवणं ही त्याच्या कामाची ओळख झाली, आणि म्हणूनच नक्कलही तिचीच सर्वांत जास्त होते. भिंग लावून पाचरीच्या रेषा पाहा. त्या तड्याला आडव्या जायला हव्यात, तरच पाचर दोन्ही बाजू धरून ठेवते. रेषा तड्याला समांतर असतील तर ती पाचर नव्हे, नुसती नक्षी.

अतिनील बॅटरी शेवटी, अंधार करून. लाखेचं पॉलिश तिच्या उजेडात नारिंगी चमकतं. पृष्ठभागाचा एक तुकडा नारिंगी आणि शेजारचा निस्तेज दिसला तर तिथे नंतर हात फिरला आहे. तेलावर काम संपवणाऱ्या कारागिराच्या वस्तूवर सगळीकडे नारिंगी चमक असणं हाही इशाराच.

चौथी पायरी: सही, आणि सहीवर किती विसंबायचं

सही हा शेवटचा पुरावा माना, पहिला नव्हे. सही करायला काही क्षण लागतात, सांधा करायला आयुष्य जातं.

प्रत्येकाची रीत वेगळी असते. नाकाशिमाच्या अनेक वस्तूंच्या खाली गिऱ्हाइकाचं नाव शाईने लिहिलेलं सापडतं. सही नियमितपणे पुढच्या काळात येऊ लागली. म्हणजे जुन्या वस्तूवर सही नसणं खोटेपणाचं लक्षण नाही, उलट फार ठळक सही असेल तर चौकशी करावी. मलूफच्या सुरुवातीच्या कामावर डागलेला छाप असतो. नंतरच्या कामावर कोरलेली सही, वर्ष, क्रमांक आणि मदतनिसांची आद्याक्षरं. हे शेवटचं मला फार आवडतं. घासून गुळगुळीत करणाऱ्या हातांचंही नाव त्याने खुर्चीवर राहू दिलं.

इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या किलबर्न गावचा रॉबर्ट थॉम्पसन (१८७६–१९५५) ओकच्या फर्निचरवर सहीऐवजी एक छोटा उंदीर कोरत असे. त्याच्या सुरुवातीच्या उंदरांना पुढचे पाय असत. कोरताना ते मोडत म्हणून पुढे ते सोडून दिले. एवढ्याशा पायांवरून वस्तूचा काळ ठरतो. त्याच्या माघारी ती कर्मशाळा चालू राहिली आणि उंदीरही चालू राहिला, त्यामुळे उंदीर दिसला म्हणजे थॉम्पसनचा हात लागला असं होत नाही.

हाच मुद्दा जरा लांबवायला हवा, कारण खरी फसगत बहुतेक वेळा नकली वस्तूत होत नाही, अर्धवट सांगितलेल्या खऱ्यात होते. नाकाशिमाने १९४०च्या दशकात नोल कंपनीसाठी आणि १९५०च्या दशकात विडिकोम्बसाठी आराखडे दिले. त्या वस्तू त्याच्याच डोक्यातल्या, पण कारखान्यात झालेल्या. १९९० मध्ये तो गेल्यानंतर त्याची मुलगी मीरा हिने कर्मशाळा सांभाळली, आणि तिथलं कामही उत्तम आहे. या तिन्ही प्रकारांना घरात जागा मिळायला हरकत नाही. फक्त विकणाऱ्याला सरळ विचारा: आराखडा कुणाचा, घडवलं कुणी, कुठे, कोणत्या वर्षी? चारही उत्तरं लेखी मागा. ‘त्यांच्या शैलीतलं’, ‘त्यांच्या नावे मानलं जाणारं’ हे शब्द कॅटलॉगमध्ये बारीक अक्षरात असतात आणि त्यांचा अर्थ मोठा असतो.

पाचवी पायरी: कागद

आता ते स्टूल. ज्या घरातून ते घेतलं, तिथल्या बाईंना मी माझा पत्ता देऊन ठेवला होता आणि विनंती केली होती की जुन्या फायलींत लाकडी सामानाचं काही सापडलं तर कळवा. दोन वर्षांनी त्यांचं पाकीट आलं. आत हाताने लिहिलेली पावती, मागे पेन्सिलने काढलेलं स्टुलाचं रेखाचित्र, पायांचा कोन आकड्यात, आणि कोपऱ्यात ‘बैठक एका बोटाने खोल’ अशी टीप. मी मोजपट्टी घेऊन बसले. कोन जुळला. बैठक खरोखरच एका बोटाने खोल होती. तो कारागीर प्रसिद्ध नव्हता आणि आजही नाही, पण त्या दिवसापासून माझ्याकडे त्याच्या हाताचा एक पक्का नमुना आहे आणि त्यावरून मी त्याच्या आणखी दोन वस्तू ओळखल्या.

म्हणून वस्तू घेताना मागायचं ते असं: मूळ पावती किंवा पत्रव्यवहार, घरात वापरात असतानाचे जुने फोटो, प्रदर्शनाची चिठ्ठी, दुरुस्ती झाली असेल तर कुणी आणि काय केलं. कारागिराची कर्मशाळा किंवा वारस असतील तर त्यांना फोटो पाठवून विचारा. नाकाशिमाच्या कर्मशाळेसारख्या ठिकाणी जुन्या ऑर्डरींच्या नोंदी जपून ठेवलेल्या आहेत. विकणारी व्यक्ती ‘कागद नंतर पाठवतो’ म्हणाली तर पैसेही नंतर द्या.

लाकूड कोणतं हेही कागदावर यायला हवं, विशेषतः वस्तू परदेशातून येणार असेल तर. शिसवाच्या कुळातल्या, म्हणजे डालबर्जियाच्या जाती २०१७ पासून साइट्स कराराच्या (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरचा करार) दुसऱ्या परिशिष्टात आहेत, अपवाद ब्राझीलच्या रोझवुडचा: ते १९९२ पासून पहिल्या, सर्वांत कडक परिशिष्टात आहे. गेल्या शतकाच्या मध्यातल्या कित्येक देखण्या वस्तू याच लाकडाच्या आहेत. परवाना नसेल तर अशी वस्तू बंदरातच अडकू शकते. बोली लावण्याआधी विचारा.

सहावी पायरी: काय चालेल, काय नाही

ओरखडे, पेल्याची वर्तुळं, कडांची झीज, ढिला झालेला एखादा सांधा, विटलेलं कापड: हे सगळं चालतं. झीज मात्र पटायला हवी. खुर्चीच्या हातांच्या पुढच्या टोकाला, मागच्या पायांच्या तळाला, आडव्या दांडीवर जिथे टाचा टेकतात तिथे झीज असते. पाठीच्या मागे मध्यावर नसते.

बदललेला पाय, लहान केलेली उंची, यंत्राने घासलेला वरचा भाग, नव्याने बसवलेली फळी: इथे मी थांबते. एकदा एका विक्रेत्याकडून मी सहा खुर्च्यांचा संच घेतला. घरी आल्यावर दिसलं की दोन खुर्च्यांचे मागचे पाय दीड सेंटीमीटरने आखूड आहेत. कुणीतरी कुजलेला भाग कापून टाकला होता. विकणाऱ्याने ते सांगितलं नव्हतं आणि परतही घेतल्या नाहीत. तेव्हापासून संचातली प्रत्येक वस्तू मी वेगळी मोजते.

किडीची भोकं जुनी असतील तर घाबरू नका. भोकाच्या कडा धारदार आणि फिकट असतील, खाली पिठासारखा ताजा भुस्सा पडत असेल, तर कीड जिवंत आहे. अशी वस्तू बाकीच्या संग्रहाजवळ आणायची नाही. संग्रहालयांमध्ये अशी लहान वस्तू प्लास्टिकमध्ये हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आठवडा-दोन आठवडे गोठवतात. ते काम जाणकाराकडून करून घ्या.

सातवी पायरी: घ्यायचं कुठून

लिलावात पडलेल्या बोलीवर लिलावगृहाचं कमिशन चढतं, मोठ्या ठिकाणी ते बोलीच्या पाव हिश्श्याच्या आसपास जातं. वर कर आणि वाहतूक. आपली मर्यादा हे सगळं धरून आधीच कागदावर लिहा आणि तिथे थांबा. कंडिशन रिपोर्ट, म्हणजे वस्तूच्या स्थितीचा लेखी अहवाल, मागवा, खालच्या बाजूचे फोटो स्वतंत्रपणे मागा. खालचा फोटो द्यायला टाळाटाळ झाली की मी ती वस्तू सोडून देते.

माझं मन मात्र हयात कारागिराकडून थेट करवून घेण्याकडे झुकतं. तिथे शंकेला जागा नाही, आणि पैसा घडवणाऱ्याच्या हातात जातो. त्याच्याकडे जाताना तयार चित्र घेऊन जाऊ नका. वस्तू कुठे राहणार, कोण वापरणार, उजेड कुठून येतो, बसणाऱ्याची उंची किती, एवढं सांगा आणि फळी निवडताना हजर राहा. मुदत तो सांगेल ती माना. वस्तू ताब्यात घेताना त्याच्याकडून सही, वर्ष, लाकडाचं नाव आणि वर कोणतं तेल किंवा पॉलिश दिलं हे लिहून घ्या. जमल्यास आराखड्याची प्रतही.

घरी आणल्यावर

हवेतली सापेक्ष आर्द्रता ४० ते ६० टक्क्यांत राहील अशी खोली पाहा, आणि त्याहून महत्त्वाचं, ती एकदम बदलू देऊ नका. एसीच्या झोताखाली, हीटरजवळ, बाहेरच्या भिंतीला चिकटवून ठेवू नका. उन्हाची तिरीप रोज एकाच जागी पडत असेल तर पडदा लावा. टेबलावरची फुलदाणी वर्षानुवर्षं एका जागी ठेवलीत तर तिच्या तळाचा ठसा रंगात उमटतो.

पुसायला कोरडं मऊ कापड. सिलिकॉनची फवारणी पॉलिशं नकोत. पुढे कधी दुरुस्ती करायची झाली तर त्यावर नवं पॉलिश धरत नाही. तेल दिलेल्या वस्तूला पुन्हा तेल द्यायचं तर मूळचंच, अगदी पातळ, आणि जादा पुसून काढून. जवस तेलाचे बोळे चुरगळून टाकू नका, ते आपोआप पेट घेऊ शकतात. पाण्यात बुडवा किंवा मोकळ्या हवेत पसरून वाळवा.

आणि वस्तू वापरा. खुर्चीवर बसा, ड्रॉवर उघडा. अडकणारा ड्रॉवर, हलणारा सांधा तसाच कळतो आणि वेळेवर सावरता येतो.

शेवटचं काम त्याच आठवड्यात करा. सहा बाजूंनी फोटो, सांध्यांचे आणि सहीचे जवळून फोटो, मापं, वजन, लाकूड, कुणाकडून कधी घेतलं, सोबत सगळ्या कागदांच्या प्रती. हे एका पाकिटात घाला आणि घरातल्या दुसऱ्या एका माणसाला ते कुठे ठेवलं आहे ते दाखवा. माझ्या स्टुलाच्या पाकिटात ती मूळ पावती आहे, आणि तिच्या मागे त्या बाईंनी लिहिलेली एक ओळ: त्यांचे वडील रोज सकाळी त्याच स्टुलावर बसून बुटांच्या नाड्या बांधत.